सत्तर टक्के

पुउरोचे डोळे मंगळवारी निळे पडले.
आभाळाचा निळा नव्हे,
पातळ ताकात शाई सांडावी तसा.
पुउरो म्हणजे आमच्याकडे लापशी.
योएल बारा वर्षांचा होता आणि भुकेला होता,
तेव्हा त्यानं या अजगराचं बारसं केलं.
आता तो नॉर्वेच्या ट्रॉलरवर मासे साफ करतो
आणि अजगर माझ्याकडे.

बाहेर उणे एकतीस.
कायानीत या दिवसांत दहाला उजाडतं, अडीचला विझतं,
आणि घरातले रेडिएटर हवेतलं पाणी पिऊन टाकतात.
सकाळी कापलेला पाव संध्याकाळी लाकूड.
माझ्या हातांचं तर विचारूच नका:
अठ्ठावीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात,
दिवसभर वाफ, रात्रभर कोरड,
चादरींना डाग लागू नये म्हणून
पेरापेराला चिकटपट्ट्या.

तर काचेच्या पेटीचं गणित असं:
एका टोकाला बत्तीस, दुसऱ्याला सव्वीस,
आणि कात सुटेपर्यंत दमटपणा सत्तर टक्के.
दिवा वाढवावा तर ओल उडते,
पाणी शिंपडावं तर ऊब बसते.
एक सांधावं तर तेरा तुटतात.
जाळीच्या झाकणावर ओला टॉवेल, अर्ध्यावरच,
त्याला श्वास हवा.
कोपऱ्यात आइस्क्रीमचा डबा उपडा, कडेला भोक पाडून,
आत शेवाळ,
मुठीत पिळल्यावर थेंब पडणार नाही इतपत ओलं.

इथे प्रत्येकाला वाटतं, वाफेतलं आपल्यालाच कळतं.
शेजारचा वेइक्को म्हणाला, सौनात ने की त्याला,
दगडांवर एक पळी पाणी, झालं काम.
मी म्हटलं, तुला दार उघडून बर्फात पळता येतं, वेइक्को.

ऑगस्टात पेटी कोरडी पडली होती.
कात चिंध्याचिंध्यांनी उतरली,
डाव्या डोळ्यावरची चकती राहूनच गेली.
ती नखानं काढायला माझे हात शिवशिवत होते.
पशुवैद्य साराना बाईंनी माझं मनगट धरलं.
"ओढू नका. खाली खरा डोळा आहे."
मग नोव्हेंबरात मी भ्यायले,
दिवसरात्र पाणी ओतत राहिले,
काचेवर घाम, तळाला चिखल,
पोटाच्या खवल्यांवर लालसर फोड.
महिनाभर मलम लावलं. त्यानं लावू दिलं.

तेव्हापासून मी ओढत नाही.
रविवारी योएलला फोन करते.
बोलला तर बोलला,
नाहीतर थोडा वेळ इंजिन ऐकते.

बुधवार, गुरुवार तो डब्यातच.
शुक्रवारी डोळे पुन्हा काळे, लख्ख.
योएल सांगायचा, आई, इथेच फसतात लोक,
झालं असं वाटतं आणि खरं काम राहिलेलं असतं.
रात्री दोनला उठून काटा पाहिला: अठ्ठावन्न.
टॉवेल भिजवला.
स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच कॉफी प्यायले,
नांगरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा
छतावरून फिरून गेला, दोनदा.

सोमवारी कामावरून आले
तर पाण्याच्या भांड्यापाशी पडलेली,
उलटी, घाईत काढलेल्या मोज्यासारखी,
नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड.
दिव्यापुढे धरून डोळ्यांच्या चकत्या मोजल्या.
एक. दोन.
चष्मा पुसून पुन्हा मोजल्या.

ओली होती तोवर दाराच्या चौकटीला लावून पाहिली,
जिथं पेन्सिलीनं योएलची उंची आहे,
सातवा वाढदिवस, नववा, तेरावा,
मग त्यानं तिथं उभं राहणं सोडलं.
तेराव्याच्या वर गेली, चार बोटं.
साप काही तेवढा लांब नाही.
निघताना कात ताणली जाते, एवढंच.

मग टॉवेल काढला, पिळला, झाकण सरकवलं.
नवं अंग ओलीत ठेवायचं नसतं.
काटा उतरत गेला, सहासष्ट, साठ, पंचावन्न,
आणि पुउरो दिव्याखाली येऊन बसला,
चकचकीत, थोडासा परका.
उंदीर उद्या, मी त्याला म्हटलं,
आणि त्याचंच उरलेलं मलम हातांना चोळलं.
झोंबलं.