एक व, एक काना

हर्णैच्या बंदरावरचा लिलाव उरकला
की मी बर्फाच्या कारखान्याच्या ओट्यावर बसून
मोबाइलवर बातमी लिहितो.
रेंज तिथेच येते.

त्या संध्याकाळी लिहिलं होतं :
‘बॉक्साइटच्या बार्जने खेमप्रसाद बुडवली.
दोन खलाशी मृत, एक पोहत किनाऱ्याला.’
पोहत आला तो इस्माईल फणसोपकर.
गोणपाट पांघरून, दात वाजत, त्याने तीनदा सांगितलं,
दिवा नव्हता. बार्जवर दिवाच नव्हता.
मी लिहून घेतलं. बंदर खात्याला विचारलं.
कंपनीच्या साहेबांना विचारलं, ते मीटिंगमध्ये होते.
तेही लिहिलं.

सकाळी अंक आला. पान पाच, खालचा कोपरा.
‘नौका बुडाली.’

व काढला होता
आणि त्याच्या जागी एक काना दिला होता.
तेवढ्यात बार्ज गेली, नसलेला दिवा गेला,
आणि होडी आपली आपणच बुडत राहिली
जसा दिवस बुडतो,
जशी पतपेढी बुडते,
कुणीही न बुडवता.

फोन केला. डेस्कवर रसाळ होते,
आवाज नेहमीसारखा थंड, वाईट नाही.
‘आरोप आहे तो, अजून सिद्ध कुठे झालाय?
आपण तटस्थ राहायचं.’
बरोबर होतं. मलाही हेच शिकवलं होतं.
वर्धापनदिनाच्या पुरवणीचं शेवटचं रंगीत पान
त्याच कंपनीचं होतं,
त्याचं पंधरा टक्के कमिशन माझ्या खात्यात जमा होतं,
हेही बरोबर होतं.
ते दोघांपैकी कुणी बोललं नाही.
‘निदान धडकेनंतर बुडाली, एवढं तरी?’
‘बघतो,’ म्हणाले.

चौथ्या दिवशी खुलासा आला, शब्दकोड्याच्या खाली.
‘मृत हरेश्वर पावसे यांचे वय ४३ असे छापले गेले,
ते ३४ असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’

पावसेंच्या दारात उभा राहिलो.
त्याच्या बायकोने कात्रण दोनदा वाचलं, घडी घातली.
‘वय नीट केलंत ते बरं झालं,
मदतीच्या कागदाला लागंल.’
मग आत वळता वळता :
‘पन भाऊ, बुडाली कशी?’

परतताना गाडी पाजपंढरीच्या उतारावर आली
आणि मला उगाच खडकबहादूर आठवला.
आंजर्ल्याच्या आंबाबागेतला राखणदार.
देवळातली समई गेली, पोलिसांनी त्याला उचललं,
आणि मी लिहिलं, ‘समई चोरणारा नेपाळी जेरबंद’.
कुणाला विचारलं नव्हतं. त्याला तर नाहीच.
त्या बातमीत डेस्कने
एका मात्रेलाही हात लावला नाही.

समईचा पाय मोडलेला. जोडायला चिपळूणला दिली होती,
गुरव विसरला होता.
खडकबहादूर सुटला. लिहिणारच होतो मी,
पण जिल्हा परिषदेची निवडणूक लागली, जागा नव्हती.

मग एकदा दापोलीच्या स्टँडवर तो समोर आला.
खिशातून कात्रण काढलं, दुधाच्या पिशवीत जपलेलं.
मला वाटायचं, त्याला कुठलं वाचता येतंय.
त्याची लिपीही हीच, हे डोक्यातच आलं नव्हतं.
बोट ठेवत ठेवत त्याने वाचलं,
चो, र, णा, रा.
‘ह्ये तुमी लिवला?’

मी म्हटलं, डेस्कवर बदलतात.

आज पुन्हा ओट्यावर बसलोय.
पहिल्या ओळीत ‘बुडवली’ लिहिलंय,
इस्माईलचं नाव, वेळ, दिव्याचं वाक्य, सगळं.
खाली दुसरी बातमी, चार ओळींची, तीन वर्षं शिळी.
दोन्हींतली कुठली छापून येईल, सांगता येत नाही.
आत बर्फाचं यंत्र सुरू झालं की ओटा थरथरतो,
अंगठा भलत्याच अक्षरावर पडतो.
पुसतोय, पुन्हा लिहितोय.