तीट

ओकचं पान खारीच्या कानाएवढं झालं
की मका पेरायला घ्यायचा,
असं वर्लिन ग्राबरचा बाप सांगायचा.
यंदा पान खारीच्या कानाएवढं झालं,
मग आख्ख्या खारीएवढं झालं,
आणि पेरणीयंत्र अजून शेडमध्येच.
त्याच्या बियाण्याच्या एका डब्यात
मांजर व्यालेली.

ओहायोच्या या कोपऱ्यात माती चिकण,
एकदा भिजली की आठवडाभर बूट सोडत नाही.
जॉलीन रोज सकाळी शेताच्या कडेला उभी राहते,
मूठभर माती उचलून दाबते.
बोटांच्या फटींतून फीत बाहेर येते, गुळगुळीत.
"उद्या," म्हणते.
उद्या पुन्हा पाऊस.

मे असाच वाहून गेला.
को-ऑपच्या काउंटरवर तिनं
एकशे अकरा दिवसांच्या वाणाच्या पिशव्या परत केल्या,
सत्त्याण्णव दिवसांच्या घेतल्या.
चौदा दिवस मोजून ठेवले तिथे,
सुट्टे पैसे ठेवावेत तसे.
काउंटरमागच्या पोरानं उतारा किती घटेल
ते पावतीच्या पाठीवर लिहिलं
आणि पावती उलटी करून तिच्या हातात दिली.

वर्लिन म्हणाला, पेरूच नकोस यंदा.
पाच जून उलटला की विमाही रोज थोडा झिजतो.
रान पडीक ठेव, चेक घे, गप्प बस.
जॉलीन काही बोलली नाही.
पिल्लं एकेक करून खोक्यात ठेवली,
डबा फडक्यानं पुसला.

नऊ जून. दोन दिवस आणि मधली रात्र.

उशिराचा मका घाईनं उगवतो,
जूनच्या उकाड्यात सरसर उंच होतो,
लांब मानेचा, बारीक दांड्याचा.
हमरस्त्यावरून जाणारे गाडीची काच खाली करून म्हणतात,
काय पीक आहे!
दिसतं तसं नसतं, हे त्यांना
ताशी साठ मैलांच्या वेगात कोण सांगणार.

ऑगस्टमध्ये पाऊस फिरकलाच नाही.
तुरा फुलला तेव्हा कणसाचं रेशीम आत अडलेलं,
रेशीम बाहेर आलं तोवर पराग झडून गेलेले.
एका घरात राहून भेट नाही.
जॉलीनला हे नवं नाही,
ट्रॉय रात्रपाळीला फोर्ट वेनला जातो,
त्याचा कप सिंकमध्ये कोमट असतो
तेव्हा ती उठते.

सप्टेंबर सरताना वर्लिन कणीस मोडतो.
शेंड्याकडे दात पडल्यासारख्या जागा.
एक दाणा नखानं उपटून उलटा करतो,
चश्मा कपाळावर चढवून बूड बघतो.
दाणा पुरता भरला की बुडाशी काळा ठिपका येतो,
बाळाच्या गालाला लावतात तशी तीट.
तीट लागली की मग खुशाल पडू दे हिम,
दाण्याचं काही वाकडं होत नाही.

ठिपका नाही.
दाणा दाबला तर दूध.

"दहा दिवस दे," वर्लिन म्हणाला.
कुणाला ते कळलं नाही.
चर्चमध्ये तो असा कधी बोललेला नाही.

सात मिळाले.

आठव्या रात्री आभाळ इतकं स्वच्छ होतं
की कुत्रंसुद्धा बाहेर गेलं नाही.
थर्मामीटर खिडकीबाहेर, टॉर्च खिडकीआत.
तीनला एकतीस, पाचला सत्तावीस.
उजाडलं तेव्हा पानं पांढरी,
आणि वारा सुटल्यावर सगळ्या शेताचा आवाज बदललेला,
कुणी घाईघाईनं जुनी बिलं चाळावीत तसा.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्लिननं
दहा कणसांचे दहा दाणे उलटे मांडले.
सहांना तीट. चारांना नाही.
एक त्यानं पुन्हा पुसून पाहिला,
ती माती निघाली.
पाच.

"ओलं येईल," तो म्हणाला, "आणि हलकं."
जॉलीननं दहाही दाणे गोळा करून
शर्टाच्या खिशात टाकले
आणि ड्रायरच्या गॅससाठी फोन लावला.

लाइन व्यस्त होती.
पुन्हा लावला. व्यस्त.
खिडकीतून पलीकडच्या घराचा दिवा दिसत होता,
त्याच्या पलीकडच्याही.