डावं शिंग

अल ऐनच्या कत्तलखान्यातून सकाळी साडेसहाला
बर्फाच्या डब्यात सांडणीचं गर्भाशय येतं.
डॉक्टर इहसान फॉर्म भरतात: वय बारा, वेतं पाच,
कानात पिवळा बिल्ला.
नावाला रकाना नाही.

शिंगं दोन. उजवं आखूड, डावं लांब.
पोर वाढतं ते डाव्यातच.
उजवीकडच्या अंडाशयातून सुटलेलं बीजसुद्धा
वळसा घालून डावीकडे येऊन राहतं.
का, विचारलं तर इहसान म्हणतात,
खार्टूमपासून बघतोय, अजून कुणी सांगितलं नाही.

मी दोन्हीकडचा तुकडा मेणात बसवते.
चार मायक्रॉनचा काप, श्वास धरून,
पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचा.
मग उकळणं, अँटिबॉडी, आणि थांबणं.
एक काच मुद्दाम अँटिबॉडीवाचून ठेवते.
ती निळीच राहायला हवी,
नाहीतर बाकीच्या खोटं बोलतायत.

मग ग्रंथींच्या कडेनं
एकेका केंद्रकात तपकिरी उगवतं.

मिरजेला निटवेबाईंनी फळ्यावर कुलूप काढलं होतं,
शेजारी किल्ली. परीक्षेत मीही तेच काढलं.
इथं आल्यावर पुसून टाकलं.

त्याचं असं झालं: बसस्टँडवर दुबईची रांग,
मल्याळी, पश्तो, बंगाली, सगळा काला,
आणि मागून कुणीतरी फोनवर ओरडलं,
"आगं, डबा इसरलीस बघ!"
साठ जणांच्या कानांवरून ते गेलं.
मान माझी वळली.

एस्ट्रोजेनही तसंच जातं, रक्तातून, सगळ्यांवरून.
आणि माझा रंग बोलणाऱ्याला लागत नाही,
ज्याची मान वळू शकते
त्याला लागतो.

प्रोजेस्टेरॉन फार दिवस राहिलं
की पेशी कान आवरून घेतात. ग्रंथी फिकट पडतात.
हे मला कळतं.
रोज रात्री यशवंतांचा फोन येतो:
टाकी भरली, सिलिंडर आला,
पाटलांचं कुत्रं गेलं.
मी हं म्हणते.

माझं मार्चपासून थांबलंय.
एसी अठरावर, आणि पाठीतून घामाची धार,
मोजे काढून मी फ्रीजच्या दाराशी उभी राहते.
दवाखान्यातली मुलगी म्हणाली, सुटलात की!
मी काही बोलले नाही.
गेल्या वर्षी एक तेवीस वर्षांची आली होती,
अंडाशय खारकेसारखे सुकलेले,
अस्तर पापुद्र्याएवढं.
आणि त्या पापुद्र्यात
तपकिरी, तपकिरी, तपकिरी.
तिकडून कुणी बोलत नव्हतं कधीचं.

आजच्या काचा मोजल्या.
डावं: शंभरातली एक्याऐंशी.
उजवं, जिथं कधी कुणी राहिलं नाही:
ब्याऐंशी.
परत मोजलं.
इहसाननी चष्मा कपाळावर चढवला,
बराच वेळ भिंगातून पाहिलं,
आणि सहीसाठी पेन मागितलं.