पाण्यात म्हैस

गावाचं नाव लीमा नाही, लायमा.
पहिल्याच आठवड्यात पोस्टातल्या बाईनं दुरुस्त केलं
आणि मी ओहायोची झाले.
म्हणजे कागदावर अजून नाही.

लॅबमध्ये रात्रपाळी नसते त्या रात्री
मी हेडफोन चढवून रणगाडा चालवते.
मुलगा झोपलेला असतो. नवराही.

गुरुवारी खेळाच्या कंपनीनं एक चित्र सोडलं :
धुकं. धुक्यात एक चाक.
चाकावर पाच बोल्ट आणि खाली एक ओली रेघ.
बस. एवढ्यावर आठवडा काढला आम्ही.

टल्साचा दंतवैद्य ब्रॅडी म्हणाला, सहा चाकं.
लीड्सचा नोएल, वय अठरा, म्हणाला सात,
सातवं धुक्यात आहे,
आणि सावली मोजायला त्यानं
स्क्रीनला खरोखरची पट्टी लावली.
कुणी चिखलाच्या रंगावरून देश ठरवला.
मी म्हटलं, तो चिखल नाहीये, पाणी आहे.
ही तरंगणारी गाडी आहे.

झालं.
चिलखत जाड की पातळ, तोफ केवढी,
मागे किती वेगानं येते, किती नाण्यांना पडेल,
पहाटे तीनपर्यंत भांडलो.
बाजारात तुरी, तसले आम्ही सहा भट, भटणीही नाही एक.
पाण्यात म्हैस आणि वर मोल, मी बोलून गेले.
अर्थ सांगितला.
नोएलनं विचारलं, म्हैस कुठल्या देशाची?
रणगाड्यांच्या यादीत शोधत होता बिचारा.

मला तशी सवय आहे याची.
दर महिन्याला सरकारचं एक पत्रक येतं,
त्यात नुसत्या तारखा.
आमची : एप्रिल, दोन हजार चौदा.
श्रीनिवास आणि त्याच्यासारखे शेकडो
आठवडाभर आधीपासून अंदाजपंचे बोलतात,
आलेख काढतात, ऑक्टोबरात मोठी उडी म्हणतात.
गेल्या खेपेला तारीख सरकली. मागे.
इतका जलद रिव्हर्स
आमच्या एकाही रणगाड्याला नाही.

रविवारी शेजारचा वेंडेल काउफमन डबा परत द्यायला आला.
धुतलेला, आत सहा अंडी.
रिकामा डबा परत देत नाहीत आमच्यात,
हे मी कधीतरी बोलले होते.
वय एकोणऐंशी. बत्तीस वर्षं
गावाच्या दक्षिणेला, खऱ्या रणगाड्यांच्या कारखान्यात.
स्क्रीनवर चाक होतं.
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.
हे कुठे मिळालं तुला?

माझ्या कानात पाचजणांनी श्वास धरला.

अशा नऊच झाल्या, म्हणाला. नंतर बंद केल्या.
एक मी चालवलीय, जुन्या खाणीच्या पाण्यात.
चिलखत विचार, नोएल ओरडला.
तोफ विचार. मागे किती विचार.
मी सगळं विचारलं.

वेंडेल चाकाकडे बघत राहिला.
हीटर चालायचा नाही, म्हणाला.
नऊपैकी एकीचाही नाही.
इंजिनाच्या झाकणावर सूपचे डबे ठेवायचो आम्ही,
एखादा फुटला की महिनाभर आत टोमॅटोचा वास.
आणि एकदा बुडाली.
सावकाश. काही कुरकुर न करता.
आम्ही तिघं टपावर उभे, बूट हातात घेऊन.

काढली मग बाहेर?

कशाला? असेल अजून तिथेच.

तो गेला. अंडी मी फ्रीजमध्ये ठेवली.
हेडफोनमध्ये बराच वेळ कुणी काही बोललं नाही,
मग ब्रॅडी म्हणाला, नऊ म्हणजे दुर्मिळ, महाग पडणार,
आणि भांडण पुन्हा सुरू.

बुधवारी पत्रक आलं. तारीख तीन आठवडे पुढे.
श्रीनिवासनं शिकरण केलं.
कंपनीकडून अजून काही नाही, तेच धुकं.

पण नोएलनं त्याचा तक्ता पाठवलाय सगळ्यांना :
चाकं सात, प्रश्नचिन्ह.
तोफ, प्रश्नचिन्ह. चिलखत, प्रश्नचिन्ह.
आणि खाली नवीन एक ओळ, ठळक अक्षरांत,
हीटर : नाही.