पुरेसे

कागदावर एकच ओळ होती :
'सदर अर्जदार महिलेस मराठी भाषेचे पुरेसे ज्ञान आहे,
असे मी प्रमाणित करते.'
खाली सहीसाठी ठिपके.

सुगत पाईकराव म्हणाला, बाई, तुम्हीच पाहिजेत.
तुम्ही मला दोनदा नापास केलंय,
तुमच्या सहीवर कलेक्टर हापिसात कोण शंका घेणार?

त्याच्या मागे ती.
चपला उंबऱ्याबाहेर, जोडीनं लावलेल्या.
कान्या. थायलंडहून औरंगाबादेत आली पाली शिकायला,
आणि वसमतला नांदायला. त्याला चौदा वर्षं झाली.
एका कारकुनानं कान्याची कन्या केली, बँकेनं कानिया,
तिसऱ्या टेबलावर विचारलं, ह्या तिघी कोण?
मग स्टॅम्पपेपरवर शपथेवर लिहून द्यावं लागलं
की मी एकटीच आहे.

मी म्हटलं, सही अशी होत नसते. बस.
एकतीस वर्षं मराठी तपासली आहे मी.
सकाळपासून काय काय केलंस, सांग.

'पाचला उठले. नळाला पाणी न्हाई.
सासू इचारायली, कामून न्हाई?
जसं काही मीच पिऊन टाकलं.
मंग हळदीवर गेले. कढई उकळायली,
धूर समदा डोळ्यात जायला,
तेवढ्यात लेकरू आलं, म्हणायलं पोट दुखायलं.
दुखत न्हाई. आज गणिताचा पेपर हाय.'

माझा हात आपोआप लाल पेनाकडे गेला.
उकळायली. जायला. दुखायलं.
ह्या शेपटांखाली मी किती रेघा ओढल्या असतील.
आठवीतल्या सुगतनं 'माझी आई' निबंधात लिहिलं होतं,
माय उन्हात ढेकळं फोडायली.
दहापैकी दोन दिले होते मी.
ती माय आता हिची सासू.

मग मुद्दाम अवघड विचारलं.
घटनेची उद्देशिका येते?
त्यांच्या बैठकीत ती फ्रेम करून लावलेली आहे, मला माहीत होतं.
उभी राहून म्हणाली, हात सरळ खाली सोडून,
एकेक शब्द इस्त्री केलेला.
'प्रतिष्ठे'पाशी अडखळली,
मागे गेली, तो शब्द उचलून आणला,
मग पुढे चालली.

प्रतिष्ठा म्हणजे काय गं?

नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही, हे मी पाहिलं.
'मोंढ्यात हळदीचा ढीग असतो बाई.
आडत्या येतो, एक कांडी कट्कन मोडतो,
आतला रंग बघतो, मग भाव बोलतो.
माणसाला असं मोडून बघायचं न्हाई.'

पंखा फिरत होता. सुगत खाली मान घालून
अंगठ्यानं फरशीची खाच उकरत होता,
वर्गात उकरायचा तशीच.

ती म्हणाली, 'बाई, पुरेसं म्हणजे किती?
भाताचं मला कळतं. तांदळावर बोट ठेवायचं,
पहिल्या पेरापतुर पाणी.
आईनं तिकडं शिकवलं, सासूनं बी तेच सांगितलं.
भाषेचं पेर कुठं असतं?'

कोशात मिळालं असतं कदाचित.
कोश कपाटात, कपाटाची किल्ली लेकीकडे पुण्याला.

सही करते म्हटलं, तर घरात निळं पेन सापडेना.
दिवाणाखाली, देवघराच्या फळीवर, जुन्या हजेरीपटात,
जिथं तिथं लालच.
तिनंच पिशवीतून काढून दिलं.
'लाल चालत न्हाई बाई. मागल्या खेपेला
अर्ज वापस केलता त्यांनी.'

मी सही केली.
ठिपक्यांवर अक्षर जरा वाकडं आलं,
हात थरथरायला होता.
थरथरत होता, असं लिहायला हवं.
राहू दे.
थरथरायलाच होता.