खंडेनवमी, जांबोटी रस्ता

आज चाकूला हात लावायचा नाही.
भोपळे कालच रात्री चिरून ठेवलेत,
हत्यारांना सुट्टी असते, पोटांना नाही.

अडिव्याप्पानं फाटकापाशी चटई अंथरली.
वर मांडली कुलपं, एकोणीस,
किल्ल्यांचा जुडगा, वजनकाटा, जाळं,
भूल द्यायची बंदूक, माझा चाकू,
आणि दस्तगीरची जीप चटईवर मावत नाही
म्हणून तिची स्टेपनी.
सगळ्यांना झेंडू. सगळ्यांना कुंकू.
बिबट्या पलीकडून बघत होता
(तेवढ्यापुरती दाराला जुनी साखळी)
त्याचंच कुलूप
देवासारखं बसलेलं.

मग अडिव्याप्पा भांडारातून दोरी घेऊन आला.
गौराची. नाकातली.
पुड्यावर केस नंबर, लाखेचा शिक्का.
खटला बारा वर्षं चालू, म्हणून जाळता येत नाही.
"ह्ये बी हत्यारच की."
मी म्हटलं, आत ठेव. आज नको.
त्यानं ठेवली. पुड्यावर एक फूल मात्र टाकलंच.
कानडीत अडवी म्हणजे रान,
पण रानाच्या नावाचा हा माणूस
सरकारी शिक्का कधी मोडणार नाही.

ऊन ऑक्टोबरचं, कानशिलं तापवणारं.
लोंब्या वाकल्यात, सुगी आठवड्यावर,
आणि हत्ती दांडेलीकडून उतरलेत.
मष्णू रात्रभर शेतात डबे वाजवून
तसाच कामावर आलेला, डोळे लाल.

आजोळी आलेली मुलं, टेम्पो भरून.
कुणी पाटी वाचली: करडी.
कुणी म्हणालं, अगं अस्वल ते.
गौरा दोन्ही नावांना ओ देत नाही.
तिला भोपळा कळतो,
आणि माझ्या चपलांचा आवाज.

तेवढ्यात खालच्या वाडीत ढोल सुरू झाला.

गौरा उठली.
मागच्या दोन पायांवर.
पंजे छातीशी, मान कलती,
नाकातलं जुनं भोक वर उचलून,
जणू कुणी तिथं अजून धरलंय.
एक पाऊल. एक पाऊल. गिरकी.

मुलांनी टाळ्या वाजवल्या.
एका मामानं मोबाईल काढला.
मी ओरडले की नाही, आठवत नाही.
मष्णू पळाला, चपला तिथंच टाकून,
उभं भात तुडवायचं नाही म्हणून
बांधाबांधानं, लांबच्या वाटेनं.
आम्ही ऐकत राहिलो. ढोल चालू. गौरा चालू.
अडिव्याप्पा जाळीकडं पाठ करून
मुलांसमोर हात पसरून उभा,
जणू त्याच्या काटकुळ्या अंगाआड
अख्खं अस्वल मावणार होतं.

ढोल थांबला.
ती आणखी थोडी नाचली,
शिकवलेलं सगळं पुरं केलं,
मग खाली बसली
आणि हात पुढे केला.

"बाळंतीण हाय आमच्यात, म्हटलो,"
मष्णूनं नंतर सांगितलं, धापा टाकत.

दुसऱ्या दिवशी वाडी वेशीबाहेर गेली
सीमोल्लंघनाला, ढोल घरी ठेवून.
अडिव्याप्पानं बन्नीची पानं हातावर ठेवली:
बन्नी तगोंडु बंगारधांग इरोणु.
मी आपट्याची दिली: सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.
उरलेलं दोन्हीकडचं सोनं
भेकरानं खाल्लं.

संध्याकाळी खंदकापलीकडचं नवं दार उघडलं.
अर्धा एकर रान, तीन वारुळं, करवंदीची जाळी.
गौरा उंबऱ्यापाशी आली. हुंगत राहिली.
सीमा कुठली, कुणाची, तिनं विचारलं नाही.
ते विचारत बसलो तर आमच्याकडं
जेवणं थंड होतात.
एक पंजा पलीकडच्या मातीत ठेवला.
काढून घेतला.
मग तिथंच बसली, अर्धी इकडं, अर्धी तिकडं.
अंधार पडला तरी दार लावलं नाही.
कुलूप माझ्या हातात,
त्यावरचं कुंकू बोटांना लागत होतं.

सकाळी रजिस्टरात शेरा.
वर अडिव्याप्पानं कानडीत लिहिलं, खाली मी मराठीत:
भोपळा दोन किलो, तसाच.
मधलं वारूळ फोडलेलं.
वाळवी खाल्ली. किती, ते मोजता आलं नाही.