लाल चांदणी

न्यू आझाद ब्रास बँड पार्टी.
यातलं 'न्यू' सत्त्याऐंशी सालचं आहे.
ॲप उघडलं की आधी हेच दिसतं,
काकाच्या कोटाच्या लाल रंगावर, गोंड्यांच्या पिवळ्यात.

वाशीमच्या पॉलिटेक्निकचा तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट
मी टिनाच्या छपरीत बसून केला.
रेंज फक्त ढोलाच्या खुंटीपाशी यायची.
दुपारी टिनं तापली की लॅपटॉपचा पंखा
हनिफभाईच्या साइड ड्रमसारखा सुटायचा.

तारीख, ठीक.
गाव, ठीक.
'तालुका' वाचून काका हसला,
"तालुक्यात कोन वाजवते वं?
वरात कोन्या पारापासून निंगते, थे विचार."
दराची चौकट तर अजून रिकामीच.
"मांडव पाहून सांगतो मी.
तीस हजार लिहून ठेवशीन
तं शालिकच्या पोरीचं लगन
सात हजारात वाजवू कसं?"
मी लिहिलं : फोनवर बोलू.

नमुन्याची धून देवराव अवचारांनी वाजवली,
समोरचे दोन दात गेल्यापासून
कॉर्नेट ओठाच्या कोपऱ्यात धरतात.
मधे एकदा बकरी ओरडली.
कापणार होते, पण ती सुरात होती.

तोवर काकासाठी ॲप म्हणजे पोरीची परीक्षा.
शेवटच्या दिवशी चष्मा पुसत म्हणाला,
"एक रकाना टाक. जेवनाचा.
पंगतीत, का मागून.
अन् थे लाल चांदणी लाव त्याले,
जे भरल्याबिगर पुढं जाताच येत नाही म्हन्तेस."

मी विचारलं नाही काहून.
लहान असताना मीही बसलेय मेटॅडोरच्या सावलीत,
मांडवातली चौथी पंगत उठेपर्यंत.
मग कोणीतरी पातेलं आणून ठेवायचं, हात लांब करून.
वांग्याच्या भाजीवर साय धरलेली,
बुंदीचा नुसता चुरा.
काका सगळ्यांना वाढायचा
आणि म्हणायचा, चाला, बिदाईची वेळ झाली.

सर म्हणाले, सक्तीचे रकाने कमी ठेव,
लोक अर्ध्यातून निघून जातात.
सर बरोबर होते.
एप्रिलमध्ये चौतीस जणांनी फॉर्म उघडला.
कोण कुठे थांबलं ते मला दिसतं,
एकोणीस जण चांदणीपाशी.
त्यात आमच्याच गावचे दोन नंबर,
मी ओळखते, काकाही ओळखतो.
"काढू का?"
कॉर्नेटला चिंच अन् राख घासत होता.
घासतच राहिला.

मग एका रात्री, साडेअकराला, खुंटीपाशी मोबाइल वाजला.
शेलूचं लग्न. मुलगा अनोळखी, नाव पुष्पक.
पंगतीत.
आणि खाली शेऱ्यात :
'आमच्यासोबतच. किती पानं ते कळवा,
वाढप्याले सांगाचं हाय.'

काकाने मोबाइल दूर धरला, जवळ धरला.
दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून.
मग उठून पाणी प्याला, उगाच.

"तेरा लिव," म्हणाला.
मी तेरा लिहिलं.
"थांब. मेटॅडोरवाला. चवदा."
चौदा लिहिलं.
बोट 'पाठवा'वर होतं,
पण मीच थांबले.
"अन् डोक्यावर लाइटा घेनाऱ्या चौघी?
त्या कवा जेवतात, काका?"

काका माझ्याकडे पाहत राहिला.
बाहेर जनरेटरजवळ कुत्रं उठलं, फिरून पुन्हा बसलं.
त्या तुमच्या मागून जेवतात,
हे मी म्हणाले नाही.
इतकी वर्षं आई त्यांतलीच एक आहे, हेही नाही.

"अठरा," काका म्हणाला, भिंतीकडे पाहून.
मी चौदा पुसलं.